शिकारीची पँट आणि राखणदाराचे उघडे पाय

हेडफोन लावून बसमध्ये लटकत ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि डेटा संपला म्हणून हा भाग इथं वाचत बसलेल्यांना जरा जास्तच नमस्कार.

आजचा विषय ऐकून हसू नका. आजचा विषय आहे पँट. तीही साधी नाही, कडाक्याच्या थंडीत रानात घालायची शिकारीची पँट. मागच्या भागात किल्ले, त्याच्या आधीच्या भागात टपाल, आणि आता पँट. पण शेवटपर्यंत थांबा. या एका पँटीत पेशावर आहे, डोंगरी आहे, फ्रान्स आहे, इटली आहे, आणि उरवड्यातलं माझ्या काकांचं हरभऱ्याचं शेतही आहे.

सुरुवात तिथूनच करू.

जीन्स घालून राखणीला

उरवडे म्हणजे मुळशी तालुक्यात, पिरंगुटच्या जवळ. मी हिंजवडीत कोड लिहितो, म्हणजे अंतर तसं फार नाही. पण मी तिथं जातो ते लग्नाला, जत्रेला, नाहीतर कुणी गेलं तर. गेल्या डिसेंबरात सुट्टी होती. काका म्हणाले, "येतोस का राखणीला? चार रात्री मी एकटाच बसतोय."

भात निघालं की काका थोड्या जागेत हरभरा आणि गहू करतात. आणि रात्री रानडुकरं येतात. डुक्कर हरभरा खातं कमी आणि तुडवतं, उकरतं जास्त. एका रात्रीत अर्धं वावर जातं. मग बांधावर शेकोटी करायची, बॅटरी मारायची, पत्र्याचा डबा बडवायचा. रात्रभर.

मी जीन्स, शूज, ऑफिसचं जॅकेट असा थाटात गेलो. अकरा वाजेपर्यंत मजा आली. बाराला दव पडायला लागलं. बांधावरच्या गवतातून दोन चकरा मारल्या आणि जीन्स गुडघ्यापर्यंत ओली झाली. एकदा ओली झालेली जीन्स सकाळपर्यंत वाळत नाही हे मला त्या रात्री कळलं. दोनला पाय आहेत की नाहीत तेच कळेना.

काकांकडं बघितलं. डोक्याला कानटोपी, अंगात स्वेटर, त्यावर घोंगडी. आणि खाली? जुनी सुती पँट, गुडघ्यापर्यंत दुमडलेली. पाय उघडे.

म्हटलं, "काका, पाय गारठत नाहीत?"

"गारठतात की. पण वली पँट रातभर अंगाला चिकटण्यापेक्षा उघडा पाय बरा. पुसला की वाळतो."

मला हे वाक्य तेव्हा गमतीचं वाटलं. सकाळी नाही वाटलं. काका पासष्टच्या पुढचे आहेत, आणि सकाळी उठताना गुडघे धरून उठत होते.

सर्च केलं आणि टॅब बंद केला

मग आपण जे करतो ते केलं. चहा पिता पिता फोनवर शोधलं, थंडीत रानात बसायला कुठली पँट चांगली? तर म्हणे हंटिंग पँट. अमेरिका-युरोपात थंडीच्या दिवसांत हरणाच्या मागावर तासन्‌तास बसून राहणाऱ्या लोकांसाठी केलेली. आत मऊ उबदार अस्तर, बाहेर पाणी न शोषणारं कापड, गुडघ्याला जाड ठिगळ, आणि कापड असं की चालताना सळसळ होऊ नये, म्हणजे जनावराला चाहूल लागत नाही.

अगदी हवी तशी. किंमत रुपयांत मांडली. साधारण दोन क्विंटल हरभऱ्याचे पैसे! म्हणजे जो हरभरा वाचवायचा, तोच विकून पँट घ्यायची. टॅब बंद.

आणि गंमत अशी की आपल्याकडं शिकार बंदच आहे. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९९१ च्या दुरुस्तीनं परवाना काढून शिकार करायची उरलीसुरली वाटही गेली. रानडुकरालाही परवानगीशिवाय हात लावता येत नाही. म्हणजे आपल्याला शिकाऱ्याची पँट हवी, पण शिकार करायला नाही, जनावर हाकलायला.

टॅब बंद केला, पण डोक्यातून विषय जाईना. मी वाचत बसलो, आणि वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. जगभरातल्या शिकारी पँटीचे निम्मे शब्द आपल्याकडचे आहेत.

शब्द आपले

एकेक घ्या.

खाकी. फारसीत खाक म्हणजे धूळ, माती. डिसेंबर १८४६ मध्ये पेशावरला हॅरी लम्सडेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं गाइड्स नावाची तुकडी उभी केली. इंग्रज फौजेचे लाल डगले मैलावरून दिसायचे. यानं आपल्या माणसांना मातकट रंगाचे ढगळ सुती कपडे दिले. मातीत माती मिसळून जावी, एवढीच कल्पना. पुढं हाच रंग सगळ्या फौजेनं उचलला आणि फौजेबरोबर शिकाऱ्यांनीही. लपायचंच दोघांनाही होतं!

डंगरी. मुंबईतली डोंगरी माहितीये ना? त्या भागात विकलं जाणारं जाडंभरडं सुती कापड सतराव्या शतकापासून इंग्रजांच्या कागदांत डंगरी या नावानं येतं. खलाशांनी, मजुरांनी ते वापरलं आणि शेवटी कामाच्या पँटीलाच ते नाव पडलं. माझी ओली झालेली जीन्स याच्याच नात्यातली.

पट्टी. हिमालयातले लोक पोटरीला लोकरीची लांब पट्टी गुंडाळायचे. ऊबही मिळते, काटाही लागत नाही, आणि सापाच्या दातालाही थोडी अडचण. इंग्रज फौजेनं ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घेतली, नाव ठेवलं पटी. पहिल्या महायुद्धाचा कुठलाही फोटो बघा, सैनिकांच्या पायाला तीच.

जोधपूर. वर ढगळ, गुडघ्याखाली घट्ट अशी घोडेस्वाराची पँट. १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षं झाल्याचा सोहळा लंडनला झाला. त्या वेळी जोधपूरचे सर प्रतापसिंह तिकडं पोलो खेळायला गेले, आणि त्यांची विजार इंग्रजांना इतकी आवडली की त्या कपड्याला शहराचंच नाव पडलं.

आणि पायजमा तर आहेच. फारसीत पाय म्हणजे पाय आणि जामा म्हणजे वस्त्र. इंग्रजांनी तो झोपताना घातला, एवढाच फरक.

म्हणजे बघा, रंग आपल्याकडचा, कापड आपल्याकडचं, पट्टी आपल्याकडची, शिवण आपल्याकडची. शिकार हा शब्दसुद्धा इंग्रजांनी इथूनच नेला, मचाणही. सगळं दिलं. आणि काकांचे पाय उघडे. हे असं कसं?

हाका कोण घालायचं?

याचं उत्तर शिकारीतच आहे.

इंग्रजांच्या काळात शिकारीचा मोसम म्हणजे थंडीचा मोसम. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नाताळच्या सुट्टीत साहेबाचा कॅम्प पडायचा. तंबू, बावर्ची, घोडे. साहेबाच्या अंगावर लोकरी कोट, पायात ब्रीचेस. हे कापड आधी विलायतेहून यायचं. पुढं १८७६ मध्ये कानपूरला लोकरीची मोठी गिरणी निघाली, लाल इमली या नावानं तिचा माल देशभर गेला. गिऱ्हाईक मुख्यतः कोण? फौज, साहेब, संस्थानिक.

आपल्याकडं कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज मोठे शिकारी. चित्ते पाळून त्यांच्याकडून काळवीट धरायची कोल्हापूरची रीत प्रसिद्ध होती. दाजीपूरचं जंगल हे संस्थानचं शिकारीसाठी राखलेलं रान. १९५८ मध्ये त्याचंच अभयारण्य झालं. त्याच महाराजांनी १९०६ मध्ये कोल्हापुरात कापडाची गिरणी काढली, शाहू मिल. गिरणी कुठलं कापड काढायची? सुती. कारण इथं पिकतो कापूस, आणि सामान्य माणसाला परवडतं सुतीच.

आता शिकारीत दोन प्रकारची माणसं असतात. एक मचाणावर बसतो. दुसरे रानात शिरून, डबे-ढोल वाजवून जनावर त्याच्या दिशेनं हाकतात. ते हाकारे. आसपासच्या गावांतली, वाड्या-पाड्यांतली माणसं. पहाटेच्या दवातून, काट्याकुट्यांतून तीच चालायची. पायात असली तर वहाण, कमरेला धोतर किंवा लंगोटी. थंडीची पँट कुणाच्या पायात होती? जो बसून होता त्याच्या.

मला वाटतं या सगळ्या इतिहासाचं सार एवढंच आहे. थंडीचा कपडा बसणाऱ्याच्या मापानं शिवला गेला, चालणाऱ्याच्या नाही.

सैनिकाच्या पायात

मग चालणाऱ्याच्या पायात गरम पँट आली कधी? आली, पण युद्धामुळं. तीही दर वेळी उशिरा.

१९१४. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि सप्टेंबरच्या अखेरीस हिंदी फौज फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरायला लागली. अंगावर काय, तर इथल्या उन्हाळ्यात घालायची सुती खाकी. या फौजेत पुण्याच्या खडकीची पोरं होती. आज ज्यांना आपण बॉम्बे सॅपर्स म्हणतो, त्यांच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या. २८ ऑक्टोबर १९१४ ला न्यूव्ह शापेल नावाच्या गावात ४७ व्या शीख पलटणीबरोबर या दोन कंपन्यांनी घराघरांतून हातघाईची लढाई केली. त्यांचे जवळजवळ सगळे इंग्रज अधिकारी मेले किंवा जखमी झाले. थंडीचे पुरेसे कपडे या फौजेला मागाहून, हप्त्याहप्त्यानं मिळाले. त्या थंडीत पाण्यानं भरलेल्या खंदकांत माणसांचे पाय सडले.

मधल्या काळात आपल्याकडं एक गोष्ट घडली. १९२५ मध्ये ठाण्याच्या खाडीजवळ लोकरीची गिरणी सुरू झाली. पुढं तिचं नाव रेमंड. आज आपण लग्नाच्या सुटाला जातो ती! सुरुवातीला तिथून मुख्यतः जाडी कांबळी निघायची.

मग दुसरं महायुद्ध. मराठा लाइट इन्फन्ट्री इटलीत. ताम्हिणी घाट उतरला की माणगाव तालुका लागतो. तिथल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत लढताना पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढच्या वर्षी ९ एप्रिलला सेनिओ नदीवर नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव यांनी तोच मान मिळवला. या दोन तारखांच्या मध्ये काय आहे? अपेनाइन डोंगरातला एक आख्खा हिवाळा. चिखल, पाऊस, बर्फ. त्या हिवाळ्यात सैनिकांच्या अंगावर जाड लोकरी बॅटलड्रेस होता. कोकणातली, मावळातली, देशावरची पोरं. पायात लोकरी पँट, आणि ती परवडायचा प्रश्नच नाही, कारण सरकार देत होतं. घेत काय होतं ते वेगळं.

युद्ध संपलं आणि उरलेला लष्करी माल बाजारात आला. जुनी माणसं त्याला डिस्पोजलचा माल म्हणतात. कोट, कांबळी, बूट. सामान्य माणसाच्या अंगावर गरम कपडा आला तो बऱ्याचदा असाच, दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेला.

तुम्हाला वाटेल, एवढं झाल्यावर आपण शिकलो असू. नाही. २० ऑक्टोबर १९६२. नमका चू नदीच्या काठी, हिमालयात, आपले कित्येक जवान सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत चिनी हल्ल्याला तोंड देत होते. १९१४ ते १९६२, अठ्ठेचाळीस वर्षं. राज्य बदललं, झेंडा बदलला, पण डोंगरावर पाठवलेल्या माणसाच्या पायात पुन्हा सुतीच. युद्ध कपड्यांमुळं हरलो असं मी म्हणत नाही, कारणं पुष्कळ होती. पण ज्यांना पाठवायचं त्यांच्या पायात काय आहे हे कुणीतरी बघायला हवं होतं की नको? त्यानंतर नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलंय. देशभर घराघरांतून बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले. स्वेटर! पँट कोण विणणार?

घोंगडीचं शास्त्र

आता तुम्ही म्हणाल, मग आपल्या लोकांकडं थंडीवर काहीच नव्हतं का? होतं ना. काकांच्या खांद्यावर होतं.

दख्खनी मेंढीची लोकर आखूड आणि राठ असते. धनगर ती कातरतात, सूत निघतं, सणगर मागावर विणतात आणि चिंचोक्याची खळ लावून कापड ताठ करतात. अंगाला टोचतं, पण काम बघा. लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी ओल पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. भिजली तरी तंतूंमधली हवा टिकते, म्हणून ऊब टिकते. सुती कापडाचं उलटं. ते पाणी धरून ठेवतं, हवा बाहेर जाते, आणि पायातली ऊब पाण्याबरोबर निघून जाते. माझ्या जीन्सचं हेच झालं.

घोंगडी अंथरायला होते, पांघरायला होते, पावसात खोळ करून डोक्यावर घेता येते. पण तिची पँट होत नाही. राठ लोकर मांडीला घासते, आणि गुडघाभर चिखलात भात लावणाऱ्या माणसाला पायात काही नकोच असतं. म्हणून आपल्याकडं ऊब गुडघ्याशी संपली. खालच्या पायासाठी होती शेकोटी. ती समोरून भाजते, मागून गारठवते, आणि पहाटे विझते.

मुळशीची थंडी ती काय, असंही कुणी म्हणेल. १७ जानेवारी १९३५ ला पुण्यात १.७ अंश तापमान नोंदलं गेलंय. शहरात! बांधावर, ओढ्याच्या कडेला काय असेल याचा अंदाज करा.

मग पँट मिळाली का?

मिळाली. आता कामाचं ऐका, कारण तुमच्यापैकी कितीतरी जण ट्रेकला जाता, रात्री बाईकवर फिरता.

एका रविवारी मी पुण्यातल्या जुन्या बाजारात गेलो. मंगळवार पेठेत, बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथं लष्करी छपाईच्या पँटी टांगलेल्या दिसतात. त्या घेऊ नका. सैन्याच्या नव्या गणवेशाच्या नक्षीची मालकी सैन्यानं रीतसर नोंदवलेली आहे, उगाच भानगड नको. मी शोधत होतो वेगळीच गोष्ट: जुन्या सुटाची पँट. लोकर मिसळलेल्या कापडाची. सुटाचा कोट लोक जपतात, पँट कमरेला बसेनाशी झाली की काढून टाकतात. तिथं ती ढिगात असते. आतल्या शिवणीला लेबल असतं, त्यावर लोकर किती ते लिहिलेलं असतं. लेबल नसेल तर कडेचा एक धागा काढून जाळून बघायचा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरते. नुसत्या पॉलिस्टरची कडक गोळी होते. हे विक्रेत्याला विचारूनच करा, नाहीतर मार खाल!

दोन पँटी, घासाघीस करून साडेपाचशे रुपये. कमरेला दोन इंच ढिल्या घेतल्या, म्हणजे आत थर्मल बसतं आणि मध्ये हवा राहते. आणि वरून? पावसाळ्यात बाईकवर घालतो ती रेनकोटची पँट. ती घरात असतेच. दव बाहेर, ऊब आत.

फक्त एक अडचण. रेनकोटची पँट चालताना सळसळ-सळसळ आवाज करते. मी जरा खजील होऊन काकांना म्हटलं, शिकारीच्या खऱ्या पँटीला आवाज नसतो.

काका हसले. "आरं, आपल्याला आवाजच पायजे. डुकराला कळू दे की कुणीतरी जागं हाय."

बघा, मी आठवडाभर शिकाऱ्याची पँट शोधत होतो. शिकाऱ्याला जनावर जवळ यायला हवं असतं. राखणदाराला ते लांब जायला हवं असतं. त्या महागड्या पँटीतली सर्वांत महाग करामत आपल्या कामाचीच नव्हती. माप चुकीच्या माणसाचं घेतलं होतं, दुसरं काही नाही.

दुसरी पँट काकांना दिली. त्यांनी नको नको म्हणत घातली, आरशात बघितलं, "सायेब दिसतोय," म्हणाले, आणि शेतावर पोचल्या पोचल्या सवयीनं गुडघ्यापर्यंत दुमडून टाकली. मी काही बोललो नाही.

पहाटे तीनच्या सुमारास ओढ्याकडून खुसफुस आली. दोघं उठलो, डबा बडवला, बॅटरी मारली. डुकरं गेली. परत येऊन शेकोटीत लाकूड सारताना माझं लक्ष गेलं. पँट कधीतरी खाली सोडली होती, पार घोट्यापर्यंत.

तर मंडळी, आजचं एवढंच. घरी कपाटात जुन्या सुटाची पँट पडून असेल तर भांडी घ्यायला देऊ नका. गावाकडं रात्री कुणीतरी बांधावर बसलेलं असतं. आणि आजी-आजोबांना एकदा विचारा, थंडीत ते पायात काय घालायचे. उत्तर रेकॉर्ड करून पाठवा, पुढच्या एखाद्या भागात ऐकवू.

भेटू लवकरच. गार पडलंय, जपा.